प्रयोग : रंगमंचावरचा आणि मंगळावरचा — प्रतिरूप मंगळ मोहिमांतील स्वयंसेवकाची चिकित्सा

सारांश

मनुष्य मंगळावर जाण्यापूर्वी पृथ्वीवरच्याच एखाद्या दुर्गम ठिकाणी मंगळावर असल्याप्रमाणे राहून पाहावे, या कल्पनेतून गेली पंचवीस वर्षे अनेक मोहिमा झाल्या. इंग्रजीत त्यांना 'ॲनालॉग मिशन' म्हणतात. येथे त्यांना 'प्रतिरूप मोहीम' म्हटले आहे. अशा मोहिमेतील स्वयंसेवक एकाच वेळी वैज्ञानिक प्रयोगाचा विषय असतो आणि एका दीर्घ नाट्यप्रयोगातील पात्रही असतो. प्रस्तुत लेखात भरतमुनींच्या चतुर्विध अभिनयाच्या संकल्पनेचा आधार घेऊन या दुहेरी भूमिकेची चिकित्सा केली आहे. स्वयंसेवकाला जे वठवता येत नाही तेच अशा मोहिमांचे विश्वसनीय फलित होय, तसेच मोहीम सोडून बाहेर येण्याचा त्याचा अधिकार हा प्रयोगाचा भंग नसून प्रयोगाचाच भाग आहे, अशी मांडणी येथे केली आहे.

बीजशब्द : प्रतिरूप मोहीम, स्वयंसेवक, सात्त्विक अभिनय, एकांतवास, संमती, दुष्काळी प्रदेश

१. प्रस्तावना

मराठी भाषेत 'प्रयोग' या शब्दाला दोन घरे आहेत. प्रयोगशाळेत होतो तोही प्रयोग आणि रंगमंचावर होतो तोही प्रयोगच. इंग्रजीत या दोन गोष्टींसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठी माणूस मात्र एकाच शब्दाने दोन्हींचा निर्देश करतो आणि संदर्भावरून अर्थ समजून घेतो. सांगली जिल्ह्याला तर या शब्दाचा विशेष वारसा आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' या नाटकाचा प्रयोग केला आणि तेथून मराठी रंगभूमीचा इतिहास सुरू झाला, असे मानले जाते.

या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच घटनेला एकाच वेळी लागू पडावेत, असे क्वचितच घडते. प्रतिरूप मंगळ मोहीम ही तशी घटना आहे. येथे माणसे मंगळावर नसतात, पण मंगळावर असल्याप्रमाणे वागतात. त्यांच्या या वागण्याचे मोजमाप घेतले जाते आणि त्यावरून उद्याच्या खऱ्या मोहिमेविषयी निष्कर्ष काढले जातात. तेव्हा साहजिकच प्रश्न उपस्थित होतो तो असा की, जे मुळात खोटे आहे त्यातून खरे ज्ञान कसे मिळते? आणि मिळत असेल तर त्याची मर्यादा कोणती? या मोहिमांसंबंधीचे लेखन बहुधा कौतुकाच्या किंवा उपहासाच्या सुरात होते. कौतुक करणाऱ्याला स्वयंसेवक हा भावी अंतराळवीर वाटतो, तर उपहास करणाऱ्याला तो मोठ्या माणसांची भातुकली खेळणारा वाटतो. या दोन्ही टोकांना टाळून या मोहिमांचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. प्रतिरूप मोहिमांचे स्वरूप

'मार्स सोसायटी' या संस्थेने २००० मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडील डेव्हन बेटावर आणि त्यानंतर अमेरिकेतील युटा राज्याच्या वाळवंटात अशी निवासस्थाने उभारली. युटा येथील केंद्रात साधारणतः दोन आठवड्यांसाठी लहान तुकड्या राहतात. त्यांत विद्यार्थी, अभियंते, भूशास्त्रज्ञ, डॉक्टर, शिक्षक असे विविध क्षेत्रांतील स्वयंसेवक असतात आणि त्यांपैकी अनेकजण त्यासाठी शुल्कही भरतात. मॉस्को येथील जैववैद्यकीय समस्या संस्थेत ३ जून २०१० ते ४ नोव्हेंबर २०११ या काळात 'मार्स-५००' हा प्रयोग झाला. त्यात रशिया, फ्रान्स, इटली आणि चीन या देशांतील सहा पुरुष ५२० दिवस बंद दालनांत राहिले. हवाई बेटांवरील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर २०१३ पासून 'हाय-सीज' नावाच्या मोहिमा झाल्या. त्यांपैकी एक ऑगस्ट २०१५ ते ऑगस्ट २०१६ अशी पूर्ण वर्षभराची होती. अमेरिकेच्या नासा या संस्थेने ह्यूस्टन येथे त्रिमितीय छपाईच्या तंत्राने बांधलेल्या निवासात चार जणांची तुकडी २५ जून २०२३ ते ६ जुलै २०२४ असे ३७८ दिवस ठेवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुसरी तुकडी तेथे आत गेली.

भारतात या कामाचे केंद्र लडाख हे आहे. २०१६ मध्ये भारतीय आणि परदेशी संशोधकांच्या एका संयुक्त मोहिमेने लडाखच्या भूमीचा या दृष्टीने अभ्यास केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रोने लेह येथे भारताची पहिली प्रतिरूप मोहीम सुरू झाल्याचे जाहीर केले. इस्रोचे मानवी अंतराळ उड्डाण केंद्र, आका स्पेस स्टुडिओ, लडाख विद्यापीठ आणि मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांचा तिच्यात सहभाग होता. पुढे ३१ जुलै २०२५ रोजी लडाखमधील त्सो कार या खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यात 'होप' या केंद्राचे उद्घाटन इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांच्या हस्ते झाले. आठ मीटर व्यासाचा निवासकक्ष आणि त्याला जोडलेला पाच मीटर व्यासाचा उपयोगिता-कक्ष अशी त्याची रचना आहे. १ ते १० ऑगस्ट २०२५ या काळात दोन सदस्य तेथे राहिले. या अभ्यासातही पवई येथील संस्थेचा वाटा होता. म्हणजे लडाख दूर असले, तरी या प्रयोगाचा एक धागा महाराष्ट्रात आहे.

या मोहिमांचा आराखडा ढोबळमानाने सारखाच असतो. मोजकी माणसे, मोजके अन्न-पाणी, बाहेर जाताना अंतराळवेश, बाह्य जगाशी विलंबाने होणारा संपर्क आणि दिवसभराच्या कामांची नोंद, ही त्याची पाच अंगे होत.

३. आहार्य : भूमीचे साम्य

नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. वेशभूषा, रंगभूषा, मंचावरील उपकरणे यांचा अंतर्भाव आहार्यात होतो. प्रतिरूप मोहिमेत भूमी, निवास आणि अंतराळवेश हे आहार्याचे घटक ठरतात.

भूमीच्या साम्याला वैज्ञानिक मूल्य निश्चितच आहे. त्सो कारच्या खोऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार मीटर आहे. तेथील विरळ हवा, तीव्र अतिनील किरण, कडाक्याची थंडी आणि खारट, गोठलेली जमीन यांचे प्राचीन मंगळाशी साम्य आहे, असे संशोधक मानतात. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे उदाहरण देता येईल. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर दख्खनच्या बेसॉल्ट खडकात उल्कापाताने तयार झाले. मंगळाच्या पृष्ठभागावरही बेसॉल्ट विपुल असल्याने तेथील विवरे समजून घेण्यासाठी लोणारचा अभ्यास केला जातो.

परंतु शिलासाम्य वेगळे आणि जीवनसाम्य वेगळे. लोणारचा खडक मंगळाच्या खडकासारखा असला, तरी त्या विवराच्या काठावर मंदिरे आहेत, झाडी आहे, वस्ती आहे. पृथ्वीवरील कोणत्याही ठिकाणी मंगळाचे गुरुत्वाकर्षण मिळत नाही. ते पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्केच आहे. मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. लडाखची हवा विरळ असली तरी ती श्वास घेण्याजोगी आहे. म्हणून आहार्य कितीही हुबेहूब असले तरी त्यातून भूशास्त्र, उपकरणांची चाचणी आणि निवासाची रचना यांविषयीच खात्रीने बोलता येते, माणसाविषयी नाही. वृत्तपत्रांतील छायाचित्रे नेमकी याच बाजूला महत्त्व देतात. लाल माती, पांढरा घुमट आणि शिरस्त्राण घातलेली व्यक्ती यांचे दर्शन घडले की वाचकाला मोहीम झाली असे वाटते. नेपथ्यावर भाळून नाटकाला चांगले म्हणणाऱ्या प्रेक्षकासारखीच ही गफलत आहे.

४. आंगिक आणि वाचिक : नियम पाळण्याचे नाट्य

युटा किंवा हवाई येथील निवासातून बाहेर पडताना स्वयंसेवक दोन दारांमधील लहानशा खोलीत काही मिनिटे थांबतो. खऱ्या मंगळावर हवेचा दाब समान करण्यासाठी ते थांबणे अटळ असेल. येथे दोन्ही बाजूंना तीच हवा असते. शिरस्त्राण काढले तर काहीही होणार नाही, हे त्याला पूर्णपणे ठाऊक असते. तरीही तो थांबतो आणि शिरस्त्राण काढत नाही. मोहिमेची सारी इमारत या थांबण्यावर उभी असते. हा आंगिक अभिनय होय. मात्र त्याला समोर प्रेक्षक नाही. पात्राने स्वतःशी केलेला तो करार आहे.

वाचिकाचेही तसेच आहे. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातील अंतर सतत बदलत असल्याने संदेशाला एका बाजूने जाण्यास सुमारे तीन ते बावीस मिनिटे लागतात. हवाईतील मोहिमांत हा विलंब मुद्दाम वीस मिनिटांचा ठेवला गेला. प्रश्न विचारल्यानंतर उत्तर मिळेपर्यंत किमान चाळीस मिनिटे जात. अशा स्थितीत संवाद संपतो आणि पत्रव्यवहार सुरू होतो. घरच्यांशी बोलणे, नियंत्रण-कक्षाचा सल्ला घेणे, विनोद करणे, तक्रार करणे या सर्व क्रियांचे स्वरूप त्यामुळे बदलते.

येथे विष्णुदास भावे यांच्या नाट्यपद्धतीची आठवण उपयुक्त ठरते. त्यांच्या नाटकात पात्रांसाठी लिखित गद्य संवाद नसत. सूत्रधार पदे गाऊन कथानक पुढे नेई आणि पात्रे प्रसंगानुसार उत्स्फूर्त भाषण करीत. प्रतिरूप मोहिमेतही नियंत्रण-कक्ष सूत्रधारासारखा आराखडा देतो. संवाद मात्र पात्रांना जागेवर रचावे लागतात. आराखडा आणि उत्स्फूर्तता यांच्यामधील या जागेतच मोहिमेचे खरे नाट्य घडते. 'मार्स-५००' मधील मानसशास्त्रीय नोंदींनुसार सदस्यांचे आपसांतील मतभेद तुलनेने कमी होते. नियंत्रण-कक्षाशी झालेले मतभेद मात्र कित्येक पटींनी अधिक नोंदले गेले. बंद दालनात सहा माणसे एकमेकांना कंटाळतील, हा सर्वसाधारण अंदाज होता. प्रत्यक्षात बाहेरून सूचना देणाऱ्याशी त्यांचे अधिक बिनसले. पात्र आणि सूत्रधार यांच्यातील हा ताण खऱ्या मोहिमेतही अपेक्षित धरावा लागेल. कारण तेथे सूत्रधार कोट्यवधी किलोमीटर दूर असेल.

५. सात्त्विक : जे वठवता येत नाही

भरतमुनींनी सात्त्विक अभिनयाला वेगळे स्थान दिले आहे. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव होत. घाम फुटणे, अंगावर काटा येणे, आवाज कापणे, रंग उडणे यांपैकी कोणतीही गोष्ट केवळ ठरवून करता येत नाही. मन एकाग्र झाले तरच शरीर ती प्रकट करते. आधुनिक परिभाषेत बोलायचे तर हे शरीराचे अनैच्छिक प्रतिसाद आहेत. प्रतिरूप मोहिमेतील शास्त्रज्ञ हृदयाचे ठोके, झोपेचा काळ, लाळेतील संप्रेरके आणि मूत्रातील क्षार मोजतो, तेव्हा तो नेमके सात्त्विकाचे मोजमाप घेत असतो. तेथे स्वयंसेवकाला अभिनय करता येत नाही.

'मार्स-५००' चे सर्वांत महत्त्वाचे निष्कर्ष याच प्रकारचे आहेत. जसजसे दिवस गेले तसतशी सदस्यांची शारीरिक हालचाल घटली आणि झोप व विश्रांतीचा काळ वाढला. सहापैकी एका सदस्याची झोप-जागृतीची लय चोवीस तासांऐवजी सुमारे पंचवीस तासांवर गेली. परिणामी तो इतरांच्या दिवसात झोपू लागला आणि इतरांच्या रात्रीत जागा राहू लागला. एकाच दालनात राहूनही तो सहकाऱ्यांपासून दुरावला. या दुराव्यासाठी मंगळाची गरज नव्हती. खिडकीतून येणारा सूर्यप्रकाश नसणे एवढेच पुरेसे होते.

दुसरे उदाहरण मिठाचे आहे. सदस्यांच्या आहारातील मिठाचे प्रमाण महिनोन्महिने काटेकोरपणे नियंत्रित ठेवून त्यांच्या मूत्राचे परीक्षण करण्यात आले. मीठ जास्त खाल्ले की तहान वाढते आणि माणूस जास्त पाणी पितो, ही सार्वत्रिक समजूत आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात मात्र दीर्घ काळाचा विचार करता जास्त मीठ घेणाऱ्या व्यक्ती उलट कमी पाणी पीत होत्या आणि त्यांचे शरीर पाणी राखून ठेवत होते, असे आढळले. इतका काळ इतक्या शिस्तीने आहार पाळणारी माणसे रुग्णालयात किंवा घरी मिळणे दुरापास्त आहे. मंगळाच्या निमित्ताने बांधलेल्या रंगमंचावर मानवी मूत्रपिंडाविषयीचे ज्ञान मिळाले. हे नाट्य खोटे असले, तरी त्यातील मीठ खरे होते.

हवाईतील २०१३ ची पहिली मोहीम आहारासंबंधी होती. तयार पाकिटबंद अन्न आणि टिकाऊ जिन्नसांपासून स्वतः शिजवलेले अन्न यांची तुलना तिच्यात करण्यात आली. रोजच्या जेवणाचा वीट येणे, भूक मंदावणे, एकत्र शिजवण्यातून होणारा आनंद या गोष्टींना अंतराळवेशाची आवश्यकता नाही. कंटाळा हा कोठेही खराच असतो.

६. प्रयोगाच्या मर्यादा

वरील विवेचनावरून या मोहिमांचे समर्थन करता आले, तरी त्यांच्या मर्यादा स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा संख्येची आहे. सहा, चार किंवा दोन व्यक्तींच्या निरीक्षणावरून सर्वसाधारण नियम मांडणे संख्याशास्त्राच्या दृष्टीने धोक्याचे असते. दुसरी मर्यादा निवडीची आहे. स्वयंसेवक मुळातच या अनुभवासाठी उत्सुक असतो. शारीरिक आणि मानसिक चाचण्यांतून त्याची निवड झालेली असते. अशा व्यक्तीने एकांत सोसला म्हणून माणसाला एकांत सोसतो, असे म्हणता येत नाही. तिसरी मर्यादा निरीक्षणाची आहे. आपल्याकडे कोणीतरी पाहत आहे, हे ठाऊक असलेला माणूस वेगळे वागतो. चौथी आणि सर्वांत मोठी मर्यादा भयाची आहे. बाहेर श्वास घेण्याजोगी हवा आहे आणि अमुक तारखेला घरी जायचे आहे, या दोन गोष्टी स्वयंसेवकाला प्रत्येक क्षणी माहीत असतात. नियम पाळून शिरस्त्राण घालता येते. नियम पाळून मरणाचे भय उत्पन्न करता येत नाही.

या चौथ्या मर्यादेच्या संदर्भात अंटार्क्टिकाची तुलना उद्बोधक ठरते. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र भारताच्या अंटार्क्टिक मोहिमांचे व्यवस्थापन करते. नागपूरला जन्मलेल्या आणि पुणे विद्यापीठात शिकलेल्या सागरविज्ञानज्ञ अदिती पंत १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत सहभागी झाल्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ होत. पुढे इस्रोच्या मंगला मणी यांनी २०१६-१७ मध्ये भारती या तळावर ४०३ दिवस काढले. तेवीस जणांच्या त्या तुकडीत त्या एकट्याच महिला होत्या. तेथे कोणी मंगळावर असल्याचा बहाणा करीत नाही. तळावरील काम खरे असते, बाहेरची थंडी जीव घेणारी असते आणि हिवाळ्यात परतीची वाट बंद असते. म्हणजे प्रतिरूप मोहिमेत मंगळाचा अभिनय आहे पण धोका नाही. अंटार्क्टिकावर धोका आहे पण मंगळाचा अभिनय नाही. भावी मोहिमेविषयीचे ज्ञान या दोहोंच्या एकत्रित वाचनातूनच मिळू शकेल. एकाच्या आधारे केलेले विधान अपुरे राहील.

७. दार उघडण्याचा अधिकार

रंगमंचावरील तलवार लाकडी असते. तिने झालेली जखम मात्र खरी असू शकते. मॉस्को येथे १९९९-२००० मध्ये झालेल्या एकांतवासाच्या एका आंतरराष्ट्रीय प्रयोगात नववर्षाच्या रात्री दोन सदस्यांत मारामारी झाली आणि एका महिला सदस्येशी तिच्या इच्छेविरुद्ध लगट करण्यात आली. तिने तक्रार केली. एका जपानी सदस्याने तर तो प्रयोग मध्येच सोडला. या घटनेकडे काहींनी सांस्कृतिक गैरसमज म्हणून पाहिले. परंतु अंतराळयान खोटे असले तरी त्यातील स्त्रीचा अवमान खोटा नव्हता. मोहीम प्रतिरूप आहे म्हणून त्यातील अन्याय प्रतिरूप ठरत नाही.

दुसरी घटना हवाईतील आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झालेली सहावी मोहीम चारच दिवसांत थांबवावी लागली. एका सदस्याला विजेचा धक्का बसला आणि त्याला रुग्णालयात हलवावे लागले. पुढे आणखी एका सदस्याने माघार घेतल्याने ती मोहीम रद्द झाली. त्या प्रसंगी मंगळ क्षणात विरून गेला आणि मदतीला येणाऱ्यांसाठी पृथ्वीचे दार उघडले. प्रयोग फसला, असे या घटनेचे वर्णन करता येईल. पण ते योग्य होणार नाही. खरे संकट आल्यावर नाट्य थांबवण्याची क्षमता त्या रचनेत होती, हेच त्यातून सिद्ध झाले.

मानवी सहभागाच्या संशोधनासंबंधी १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून सहभागी व्यक्तीची माहितीपूर्ण संमती आणि माघारीचा अधिकार ही तत्त्वे मान्य झाली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही त्यांचा समावेश आहे. प्रतिरूप मोहिमेत या अधिकाराला एक पेच आहे. स्वयंसेवक बाहेर आला की सहकाऱ्यांची महिनोन्महिन्यांची मेहनत धोक्यात येते. कायद्याने दार उघडे असते. लाजेने आणि निष्ठेने ते बंद होते. म्हणूनच केवळ संमतिपत्रावरील स्वाक्षरी पुरेशी नाही. माघार घेणाऱ्याची नोंद अपयश म्हणून न होता निष्कर्ष म्हणून झाली पाहिजे. कोणत्या दिवशी, कोणत्या कारणाने आणि किती विचारान्ती एखाद्याला बाहेर यावेसे वाटले, ही माहिती भावी मोहिमेच्या दृष्टीने पाचशे दिवस टिकलेल्या माणसाच्या माहितीइतकीच मोलाची आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण 'मार्स वन' या डच उपक्रमाचे आहे. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या या उपक्रमाने परतीचा प्रवास नसलेल्या मंगळवारीसाठी अर्ज मागवले आणि २०१५ मध्ये शंभर उमेदवारांची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत भारतीयही होते. खर्चाचा मोठा भाग दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणातून उभा करण्याची योजना होती. २०१९ मध्ये ती कंपनी दिवाळखोर ठरली. येथे प्रेक्षक होते, पात्रे होती, जाहिरात होती. पण प्रयोगशाळेच्या अर्थाने प्रयोग नव्हता. शब्दाच्या दोन अर्थांपैकी एकच शिल्लक राहिला की काय होते, याचा हा पाठ आहे.

८. स्वेच्छा आणि अपरिहार्यता

या विषयाचा विचार कवठे महांकाळसारख्या ठिकाणी बसून केला असता एक वेगळा प्रश्न समोर येतो. सांगली जिल्ह्याचा हा पूर्व भाग पर्जन्यछायेचा आहे. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेद्वारे कृष्णेचे पाणी येथवर आल्यानंतर द्राक्षबागा वाढल्या, पण दुष्काळाची आठवण पुसली गेली नाही. टँकरच्या खेपा, घागरींच्या रांगा, जनावरांच्या छावण्या यांचा अनुभव असलेल्या पिढ्या येथे आहेत. शेजारच्या खानापूर-आटपाडी भागातील अनेक कुटुंबांनी गलाईच्या व्यवसायासाठी देशभरातील शहरांची वाट धरली आणि परक्या गावातील अरुंद जागेत सोने-चांदी गाळत आयुष्ये काढली. मेंढ्यांचे कळप घेऊन महिनोन्महिने घराबाहेर राहणारा धनगर समाजही याच परिसराचा भाग आहे.

प्रतिरूप मोहिमेतील स्वयंसेवक मोजके पाणी वापरतो, तेव्हा त्याचे वर्तन अभ्यासाचा विषय होते. दुष्काळी गावातील स्त्री मोजके पाणी वापरते, तेव्हा ती केवळ दिवस काढत असते. दोघींच्या घागरीतले पाणी कदाचित सारखेच भरेल. फरक आहे तो तारखेचा. स्वयंसेवकाला शेवटचा दिवस माहीत असतो. दुष्काळाला शेवटचा दिवस नसतो. पाऊस कधी येईल ते आभाळालाच ठाऊक.

या तुलनेचा हेतू भावनिक आवाहन करण्याचा नाही. तिचा संबंध पद्धतिशास्त्राशी आहे. मंगळाकडे निघालेला पहिला माणूस स्वेच्छेने निघेल. पण एकदा निघाल्यावर त्याची स्वेच्छा संपेल. वाटेत त्याला उतरता येणार नाही. म्हणजे त्याच्या प्रवासाचा आरंभ स्वयंसेवकासारखा आणि उरलेला सारा काळ अपरिहार्यतेत सापडलेल्या माणसासारखा असेल. प्रतिरूप मोहिमा यांपैकी केवळ पहिल्या अवस्थेचा अभ्यास करतात. दुसऱ्या अवस्थेचे ज्ञान घुमटात सापडणार नाही. टंचाईत भांडण न होऊ देता पाण्याची वाटणी कशी होते, परतीची तारीख नसताना उमेद कशी टिकते, दूर गेलेल्याशी नाते कसे जपले जाते, या प्रश्नांची उत्तरे ज्यांनी ते सोसले आहे त्यांच्याकडे आहेत. समाजशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल आणि मराठी या विषयांच्या अभ्यासकांना मौखिक इतिहासाच्या मार्गाने या अनुभवांची नोंद करता येईल.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दुष्काळग्रस्ताला मंगळ मोहिमेचा बिनपगारी स्वयंसेवक ठरवणे हा दुसरा अन्याय ठरेल. त्याने टंचाई निवडलेली नाही आणि ती त्याच्यावर शिकवण म्हणून लादली गेलेली नाही. त्याचा अनुभव नोंदवताना तीच संमती, तोच माघारीचा अधिकार आणि तोच आदर अपेक्षित आहे, जो घुमटातील स्वयंसेवकाला दिला जातो.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

पहिला, प्रतिरूप मंगळ मोहिमांची विश्वसनीयता त्यांच्या नेपथ्यावर अवलंबून नसते. भूमीचे साम्य उपकरणांना उपयोगी पडते. माणसाविषयीचे ज्ञान मात्र शरीर आणि मनाच्या अनैच्छिक प्रतिसादांतून, म्हणजेच सात्त्विकातून मिळते.

दुसरा, या मोहिमा झोप, आहार, कंटाळा, सहवास आणि विलंबित संवाद यांविषयी खात्रीने बोलू शकतात. भय, अपरतीची जाणीव आणि मृत्यूची शक्यता यांविषयी त्यांनी मौन पाळणेच योग्य. हे भान सुटले की प्रयोगाचे रूपांतर देखाव्यात होते.

तिसरा, माघार घेण्याचा अधिकार हा प्रयोगाचा दोष नसून त्याचे नैतिक अधिष्ठान आहे. भारतात त्सो कारसारखी केंद्रे आता उभी राहत आहेत. दोन व्यक्तींच्या दहा दिवसांच्या मुक्कामापासून पुढे दीर्घ मोहिमांकडे जाताना या अधिकाराची व्यवस्था आरंभापासूनच व्हावी, अशी अपेक्षा आहे.

चौथा, स्वेच्छेने स्वीकारलेली टंचाई आणि वाट्याला आलेली टंचाई यांतील भेद लक्षात घेऊनच या मोहिमांचे निष्कर्ष वाचले पाहिजेत.

विष्णुदास भावे यांच्या नाटकाचा प्रयोग संपल्यावर राम आणि रावण रंग पुसून घरी जात आणि प्रेक्षकही आपापल्या वाटेने जात. प्रतिरूप मोहिमेतील स्वयंसेवकही अखेरीस शिरस्त्राण काढून मोकळ्या हवेत येतो. त्याला ते दार उघडता येते, म्हणूनच त्याचे आतले राहणे प्रामाणिक ठरते. ज्या दिवशी खऱ्या मंगळावर माणूस असे दार उघडण्यास असमर्थ असेल, त्या दिवसासाठी आज पृथ्वीवर जे काही शिकता येईल ते शिकावे. परंतु जे शिकता आलेले नाही, ते शिकलो असे मानू नये.